झाडे म्हणतात, झाडू नका

प्रा. डॉ. धनंजय झाडे यांचं कोळ्यांवरचं संशोधन जगात चार माणसांनी वाचलं होतं, आणि त्यातले एक ते स्वतः होते. दुसरे त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी वाचल्याचं तोंडी सांगितलं होतं, पुरावा दिला नव्हता. तिसरा कोणी परदेशी परीक्षक. चौथ्यानं हैदराबादहून मेल पाठवून तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकल्याचं कळवलं होतं, आणि झाडे सरांनी त्याला इतकं प्रेमळ, इतकं लांबलचक उत्तर लिहिलं की तो बिचारा घाबरून पुन्हा कधी काही बोलला नाही.

सर देवळीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. सुट्टीच्या दिवशी कपाशीच्या, तुरीच्या नाहीतर वांग्यांच्या वावरात उकिडवे बसून कोळी पाहत. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. पिकात कोळी भरपूर असले की किडीला आळा बसतो, आणि आपण ऊठसूट फवारणी करून किडीच्या आधी कोळीच मारतो. हे त्यांनी इंग्रजीत, कर्मणी प्रयोगात, तळटीपांसह सिद्ध केलं होतं. देवळीच्या एकाही शेतकऱ्यापर्यंत ते पोचलं नाही याची त्यांना खंत होती. पण ती खंत अशी, की जेवण झाल्यावर जरा वेळ यावी आणि वामकुक्षीत विरून जावी.

अशा या सुखी माणसाच्या वाट्याला ते परिपत्रक आलं. वरून हुकूम होता की प्राध्यापकांनी आपलं संशोधन आता जनतेच्या दारी न्यावं, आणि ते कसं न्यायचं हे शिकवण्यासाठी वर्ध्याला 'माध्यम कौशल्य कार्यशाळा' भरवली आहे. प्राचार्य पौर्णिमा मॅडमनी सरांना बोलावून घेतलं.

"झाडे सर, तुमचं नाव पाठवलंय."

"मॅडम, मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही हो."

"म्हणून तर पाठवतेय. ज्यांना बोलता येतं त्यांना पाठवलं, तर ते परत येऊन इथंच बोलतील."

सर गेले.

कार्यशाळा घेणाऱ्या गुंजन मॅडम नागपूरच्या. वयानं सरांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण बरीच वर्षं टीव्हीच्या बातमीदार असल्यामुळे समोरच्याचं वाक्य अर्ध्यात कापण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांनी सरांना दिव्यांच्या झोतात उभं केलं, माईक नाकापुढे धरला आणि विचारलं, "सर, अर्ध्या मिनिटात सांगा. तुमचं संशोधन काय?"

सरांनी घसा खाकरला. "सर्वप्रथम, आमच्या नमुन्याच्या मर्यादा लक्षात घेता—"

"थांबा. बाई दूध बघायला उठून गेली."

"कोण बाई?"

"तुम्हाला टीव्हीवर पाहणारी."

सरांनी वर्गातल्या सवयीनं दाराकडे पाहिलं.

त्यानंतर गुंजन मॅडमनी त्यांच्या तोंडातून 'बहुधा', 'कदाचित', 'मर्यादित अर्थानं' आणि 'याविषयी मतभेद आहेत' हे सगळे शब्द एकेक करून उपटून काढले. दाताच्या डॉक्टरकडेही इतकं दुखत नाही. संध्याकाळी त्यांनी शेवटचं अस्त्र दिलं, त्याचं नाव 'पूल'. पत्रकारानं अडचणीचा प्रश्न विचारला की अंगावर घ्यायचा नाही. 'तुमचा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे' असा पूल टाकायचा आणि आपल्याला हव्या त्या काठावर उतरायचं. इतिहासाच्या एका प्राध्यापकांना ही कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी जेवताना वाढप्यानं कढी हवी का विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कढीचा मुद्दा महत्त्वाचाच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिलबी संपत आली आहे."

सर घरी परतले ते पूल खिशात घेऊनच. बायको मोहिनीताई, शाळेत गणित शिकवणाऱ्या, दारातच भेटल्या. "सिलिंडरचा नंबर लावला का?"

"सिलिंडरचा प्रश्न महत्त्वाचाच आहे, मोहिनी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे—"

"नाही ना लावला?"

पूल उद्घाटनाआधीच कोसळला. आपल्याकडे ही गोष्ट काही नवीन नाही.

तरीही सर जिद्दीला पेटले होते. चार दिवस घासूनपुसून त्यांनी सगळं आयुष्य तीन वाक्यांत बसवलं. 'कोळी हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. शेतातलं त्याचं जाळं मोडू नका. फवारणीआधी जाळी मोजा.' हे ते न्हाणीघरात मोठ्यानं घोकू लागले. न्हाणीघराची खिडकी शेजारच्या किसनरावांच्या अंगणात उघडत होती. किसनराव एसटीचे निवृत्त कंडक्टर. तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी भिंतीवरून डोकं काढलं.

"सर, बोलनं चांगलं हाय. पन तीन वाक्यं जास्त होऊन राह्यले. मी सारी नोकरी दोन शब्दावर काढली. 'पुढं सरका.' शेवटच्या सीटवरच्या बहिऱ्यालेही समजे."

"पण किसनराव, शास्त्र आहे हे."

"थे राहू द्या. कोट घालजा. अन हातात एखादा जित्ता कोळी धरजा, म्हन्जे लोकायले खोटं नाई वाटनार."

दुसऱ्या दिवशी किसनराव स्वतःच लोणच्याच्या बरणीत एक कोळी घेऊन आले. तो कोळी नव्हता, गोचीड होती. पण भावना महत्त्वाची.

आता पत्रकार हवा होता. 'वर्धा धडाका' नावाचा एक चॅनल मोबाइलवर चालत असे. त्याचा मालक, संपादक, कॅमेरामन आणि निवेदक किशोर हा एकच माणूस होता. तो यायला एका पायावर तयार झाला, पण पाय ठेवायचा कुठे हा प्रश्न निघाला. पौर्णिमा मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या आवारात मुलाखत द्यायची तर संस्थेची परवानगी लागेल, आणि संस्थेची बैठक दिवाळीनंतर. बाहेर द्यायची तर खुशाल द्या, मात्र कॉलेजचं नाव घेऊ नका. पण नाव आलं नाही तर हे कॉलेजचं विस्तारकार्य म्हणून धरता येणार नाही, तेव्हा नाव यायलाच हवं.

"म्हणजे नेमकं काय करू मॅडम?"

मॅडमनी पुष्कळ विचार केला. "गेटच्या बाहेर उभे राहा. मागं बोर्ड दिसू द्या. तोंडानं नाव घेऊ नका."

असे झाडे सर कोट घालून, ऑक्टोबरच्या उन्हात, भर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. किशोरनं काठीवरचा मोबाइल उगारला. सरांनी कॅमेऱ्यात पाहिलं, हसरा चेहरा केला, आणि नेमकी त्याच वेळी पुलगावकडून आलेली एसटी रस्त्यात ठाण मांडलेल्या बैलाला हॉर्न देऊ लागली. बैल हलत नव्हता आणि ड्रायव्हरही हार मानत नव्हता. सर मात्र थांबले नाहीत. गुंजन मॅडमनी बजावलं होतं, काही झालं तरी थांबायचं नाही.

"पुन्हा घ्यायचं का?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

"नाई नाई, एक नंबर झालं सर! दुसऱ्यांदा बोललं की माणूस पाठांतरासारखं बोलते. मले हिंगणीले जाच हाय, तिकडे बिबट दिसला म्हन्तेत." आणि किशोर गाडीला किक मारून निघूनही गेला.

संध्याकाळी व्हिडिओ आला. मोहिनीताई, सर आणि भिंतीवरून किसनराव असे तिघं पाहायला बसले. पडद्यावर सर म्हणत होते, "कोळी हा पोंऽऽचा बिनपगारी राखणदार आहे. पोंऽऽ त्याचं जाळं मोडू नका." संपलं. तिसरं वाक्य किशोरनं लांबी वाढते म्हणून कापलं होतं. त्याऐवजी लाल अक्षरं धडाडत आली, 'दिवाळीच्या तोंडावर देवळीच्या प्राध्यापकाचा खळबळजनक इशारा! झाडे म्हणतात, झाडू नका!'

"'शेतातलं' कुठं गेलं?" सरांचा आवाज चिरकला.

"एसटीनं गेलं," किसनराव म्हणाले.

इथून पुढे जे झालं त्याला सर जबाबदार नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. घराघरांत दिवाळीची झाडझूड सुरू होती. वर मान करून जाळी काढताना मानेला रग लागलेल्या तमाम सुना, नवरे आणि कामाचा कंटाळा असलेले इतर जीव अशा शास्त्रीय आधाराची वर्षानुवर्षं वाटच पाहत होते. दोन दिवसांत तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनमध्ये शिरला. कारंज्याजवळच्या एका ढाब्यावर तपासणीला आलेल्या साहेबाला मालकानं छताकडे बोट दाखवून सांगितलं, "राहू द्या साहेब, रिसर्चमधली जाळी हायेत." एका सरकारी कचेरीत, जिथली जाळी मुळात कोणी कधी काढलीच नव्हती, तिथे भिंतीवर कागद लागला, 'शास्त्रीय कारणास्तव जाळी काढू नयेत. आदेशावरून.' सेलूकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. सर हरखले. तो म्हणाला, "सर, कोळ्याचं बियाणं कुठी भेटते? एकरी किती टाका लागते?" सरांनी त्याला समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा लाइन कट झाली. बहुधा त्याला दूध बघायचं असेल.

कॉलेजात त्यांना 'जाळीवाले सर' म्हणू लागले. पौर्णिमा मॅडमनी एकाच दिवशी दोन पत्रं दिली. पहिल्यात, परवानगीशिवाय माध्यमांशी बोलल्याबद्दल खुलासा मागितला होता. दुसऱ्यात, विस्तारकार्यात कॉलेजचं नाव उजळल्याबद्दल अभिनंदन होतं.

पण खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. मंदाबाई. यांचं घर सरांच्या गल्लीच्या टोकाला आणि घराला लागूनच वांगी, मिरच्या, कोथिंबिरीचं वावर. माल पिकवायचा आणि बाजारात स्वतः बसून विकायचा, हे त्या सासरी आल्यापासून करत होत्या. आता त्यांच्या हातात फडा होता, आणि तो झाडण्यासाठी आणल्यासारखा धरलेला नव्हता.

"झाडे सर, हायेत का घरी?"

"या मंदाबाई, बसा."

"बसाले नाई आली. मले एवढं सांगा, माह्या घरचं जाळं काढाचं का नाई, हे तुमी काऊन ठरवून राह्यले? सून फडा हातात घेत नाई. म्हन्ते, सायन्सनं मना केलं. अजी, सायन्सले कोनं इचारलं?"

त्यांच्या पाठीमागे सून, खुशी, मोबाइल छातीशी धरून उभी होती. व्हिडिओ चालू होता. पोंऽऽ.

"मंदाबाई, मी घराचं बोललोच नाही. मी शेताचं बोललो."

"मंग घरातलं काढू ना?"

इथे कोणत्याही शहाण्या माणसानं 'काढा' म्हणून दार लावून घेतलं असतं. पण सरांमधला शास्त्रज्ञ आडवा आला. "आता तसं पाहिलं, तर घरातला कोळीही डास खातो. त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या—"

"पाह्यलं आत्याबाई? म्हनलं होतं ना मी!" खुशी ओरडली.

मंदाबाईंनी फडा दुसऱ्या हातात घेतला. "तुमच्या नादानं लक्ष्मी उंबऱ्यावरून वापस जाईन माही. राहू द्या, मले टाइम नाई. उद्या सकाळी वांग्याले फवारा माराचा हाय, पान्याचा ड्रम भरून ठेवाचा हाय." आणि त्या तरातरा निघून गेल्या.

सर दारातच उभे राहिले. आतापर्यंतचं सगळं त्यांनी गिळलं होतं. ढाबा, कचेरी, जाळीवाले सर, सगळं. पण हे लागलं. सारा जिल्हा त्यांचं ऐकून घरातली जाळी जपत होता, आणि ज्या वावरावरून ते रोज कॉलेजला जात, जिथल्या वांग्यांत त्यांनी किती कोळी डोळ्यांनी पाहिले होते, तिथे सकाळी फवारणी होणार होती.

त्यांनी किशोरला फोन लावला. "खुलासा दाखव. आत्ताच्या आत्ता."

"सर, खुलासा कोनी पाहत नाई. वाद पाहतेत. तुमी अन मंदाबाई समोरासमोर, लाइव्ह. मी चार वाजता येतो."

त्यांनी गुंजन मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "उत्तम संधी आहे सर. चिडू नका, पाठ दाखवू नका, आणि अडलात तर पूल टाका."

चार वाजता मंदाबाईंच्या अंगणात अर्धी गल्ली जमली. सर पुन्हा कोटात. किसनराव गर्दीला पुढं सरका, पुढं सरका म्हणत होते आणि गर्दी खरोखरच सरकत होती. किशोरनं मोबाइल उगारला. "नमस्कार, वर्धा धडाका लाइव्ह! आज आर या पार! मंदाबाई, विचारा तुमचा सवाल."

"घरातलं जाळं काढाचं का नाई? एका शब्दात सांगा."

सर हसले. "आपला प्रश्न महत्त्वाचाच आहे, मंदाबाई, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पर्यावरणाचा समतोल—"

"मी काय इचारलं?"

"आपला प्रश्न महत्त्वाचाच आहे—"

"महत्त्वाचा हाय तं उत्तर द्या ना बाप्पा!"

लोक खदखदले. सरांनी आणखी एक पूल टाकला. मंदाबाई तोही चढल्या नाहीत. त्या सरळ नदीत उतरल्या. "हे जाऊ द्या. तुमच्या घरी जाळे हायेत का? दाखवा. चाल रे किशोर."

सर काही म्हणायच्या आत वरात निघाली. पुढे मंदाबाई, त्यांच्यामागे काठीवरचा मोबाइल, मागे गल्ली, आणि सर्वांत शेवटी नवरदेवासारखे कोटातले सर. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत, स्टुलावर, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळून, लांब काठीला बांधलेला झाडू पंख्याच्या वर फिरवत मोहिनीताई उभ्या होत्या. नाकावर एक जाळं लोंबत होतं. कोपरा न कोपरा लख्ख.

"अगं बाई! चपला बाहेर काढा सगळ्यांनी," त्या स्टुलावरूनच म्हणाल्या.

"सरच्या घरी झाडू अन आमच्या घरी सायन्स!" मंदाबाईंनी निकाल जाहीर केला.

किशोरनं मोबाइल मोहिनीताईंकडे वळवला. "मॅडम, सर तर म्हणतात झाडू नका?"

"ते लग्न झाल्यापासून तेच म्हणतायत," मोहिनीताई म्हणाल्या. "म्हणून तर मला झाडावं लागतं."

जी हशाची लाट उठली ती पार रस्त्यापर्यंत गेली. खुशीसुद्धा पदराआड हसत होती. सरांना वाटलं, हैदराबादच्या त्या सद्‌गृहस्थानंही हे पाहिलं असणार. त्यांनी कोट काढला. तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून किसनरावांच्या हातात दिला. आणि मग ते मंदाबाईंना म्हणाले, स्वतःच्याही नकळत, आपल्या गावच्या बोलीत,

"मंदाबाई, घरातलं काढा. कोपरा न कोपरा झाडा. माही काई हरकत नाई. पन फवारा माराच्या आधी मले एकडाव तुमच्या वांग्यात घेऊन चाला."

मंदाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माणूस जिंकल्यावर थोडा उदार होतोच. "चाला," त्या म्हणाल्या.

उन्हं कलली होती. वावरात शिरल्याबरोबर सर बदलले. गर्दी आहे, मोबाइल आहे, गल्ली हसते आहे, काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. वांग्यांच्या एका तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, ते पॅन्टची पर्वा न करता उकिडवे बसले. कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ झाली होती, आणि पाठीखालचा भागही.

"इकडे या. सावली पाडू नका. हे पाहा."

दोन झाडांच्या मधोमध एक गोल जाळं ताणलेलं होतं. त्याच्यावर पिठाचे कण उडाल्यासारखे पांढरे ठिपके होते.

"ही पांढरी माशी. मोजा किती हायेत. अन हे इथं गुंडाळून ठेवलेलं हाय ना, हे पाखरू हाय. ह्याचीच अळी तुमच्या वांग्याले भोक पाडते."

"थे किडं वांगं करनारं?" मंदाबाई वाकल्या.

"थेच. रातच्याले अंडे द्याले निघालं असन, इथंच अडकलं. आता हा पाहा, ह्याचं जाळंच नसते. हा पानावर दबा धरून बसते. पाय कसे काटेरी हायेत पाहा. थांबा, बोलू नका."

अख्खी गल्ली श्वास रोखून एका वांग्याच्या पानाकडे पाहू लागली. पानावर एक तुडतुडा तिरका तिरका चालत आला. काटेरी पायांचा कोळी हलला नाही. तुडतुडा आणखी एक पाऊल पुढे आला, आणि मग काय झालं ते कोणालाच दिसलं नाही. फक्त तुडतुडा पानावर नव्हता, कोळ्याच्या तोंडात होता.

"आवं माय!" खुशी म्हणाली.

सर बोलतच राहिले. अर्ध्या मिनिटाची मर्यादा केव्हाच उलटून गेली होती. मादी अंड्यांची पिशवी कशी जपते, पिल्लं धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर कशी उडत येतात, एका झाडावर किती असले तर बरं, यावर कोणाकोणाचे मतभेद आहेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. 'बहुधा' आले, 'कदाचित' आले, तिसऱ्या तक्त्यातली चुकलेली बेरीजसुद्धा आली. कोणी उठून गेलं नाही. किशोर मोबाइल बंद करायचं विसरून गेला होता.

"मंग फवाऱ्यानं हा मरते?" मंदाबाईंनी विचारलं.

"आधी हाच मरते."

"अन थे अळी?"

"थेही मरते. पन वांग्याच्या आत शिरली असन तं नाई मरत. अन तिची जात लवकर वापस येते, ह्याले वेळ लागते. मंग तुमी परत फवारा मारता."

"म्हन्जे उद्या मारू का नको मारू?"

हाच तो प्रश्न होता, आणि आता पूल टाकायला सर विसरले. त्यांनी शेजारची दोन पानं उलटून पाहिली. "इथं कोळी चांगले हायेत, कीड कमी हाय. नाई मारला तं चालन असं वाटते मले. पन पक्की खात्री नाई देऊ शकत, मंदाबाई. तुमचं पीक हाय."

आपण सगळं घालवलं, असं सरांना वाटलं. गुंजन मॅडम असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

मंदाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खात्री नाई म्हन्ता?"

"नाई."

"औषधवाला तं दरवेळी खात्री देते," त्या हळूच म्हणाल्या. "अन दरवेळी दुसरी बाटलीही देते." मग त्यांनी हातानं हवेत एक रेघ मारली. "ह्या कडंपासून त्या निंबापर्यंत सोडून देतो. बाकीच्याले मारतो. पाहू तुमचे राखनदार का करतेत थे."

सर उठायला गेले आणि उकिडवं बसून बसून पायाला मुंग्या आल्यामुळे सरळ वांग्यात बसले. हेही लाइव्ह गेलं.

नंतर किशोरनं त्या प्रक्षेपणाचं नाव 'वांग्यात झाडे!' असं ठेवलं. लोकांनी आधी मोहिनीताईंसाठी पाहिलं, मग पडण्यासाठी पाहिलं, आणि मधलं जे होतं ते वाटेत सापडलं म्हणून पाहिलं. गुंजन मॅडम पुढच्या कार्यशाळांत काय करू नये याचा नमुना म्हणून तो दाखवू लागल्या. 'पाठ कॅमेऱ्याकडे' असं म्हणून त्या थांबवायला जात आणि प्राध्यापक म्हणत, थांबा मॅडम, तो तुडतुडा येऊ द्या. सेलूच्या शेतकऱ्याचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यानं बियाणं मागितलं नाही. माझ्या तुरीत या, म्हणाला. सर गेले. घरोघरी दिवाळी स्वच्छ पार पडली, कचेरी सोडून. तिथला कागद अजून भिंतीवर आहे म्हणतात.

निंबापर्यंतच्या वांग्यांत चमत्कार वगैरे झाला नाही. काही वांगी किडकी निघाली, तशी ती फवारलेल्या बाजूलाही निघाली. मात्र पुढच्या वेळी मंदाबाईंनी फवाऱ्याचा ड्रम भरला नाही. आधी एक फेरी मारून आल्या, वाकून वाकून पाहून आल्या, आणि खुशीला म्हणाल्या, "राहू दे अजून आठ दिवस."

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सर आठवडी बाजारात मेथी घ्यायला गेले होते. भाजीच्या ओळीतून त्यांना खणखणीत आवाज ऐकू आला.

"कोळीवाले वांगे घ्या, कोळीवाले! बिनाफवाऱ्याचे!"

सर जागच्या जागी थबकले. बिनाफवाऱ्याचे नव्हते ते. कमी फवाऱ्याचे होते. आणि तेही एका हंगामातल्या, एका वावरातल्या, मर्यादित निरीक्षणांवरून. ही दुरुस्ती करायला ते लगबगीनं पुढे झाले. मंदाबाईंपुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, हातात पिशवी, नजर बसस्टँडकडे. त्यानं वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कोळीवाले म्हन्जे काय व?"

मंदाबाईंनी मान वर केली आणि त्यांना सर दिसले. त्यांचा चेहरा खुलला.

"हे काय, थे माह्या कोळ्याचे सरच आले! त्यायले इचारा." त्यांनी एक रिकामी टोपली उलटी करून सरांपुढे सरकवली आणि दुसरी गिऱ्हाइकाकडे. "पन बसून इचारा, भाऊ. थे लंबं सांगतेत."

गिऱ्हाइकानं एकदा बसस्टँडकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग पिशवी खाली ठेवली आणि तो टोपलीवर बसला. सरही बसले. मंदाबाईंनी ढिगातून एक चांगलं टपोरं वांगं निवडून, पुसून, त्यांच्या हातात दिलं.

"त्याचं असं आहे," सर म्हणाले.